पटावरचे प्रश्न : बर्लिनची भिंत

प्रश्न : २००० सालच्या लंडनमधल्या कास्पारोव्ह–क्रामनिक जगज्जेतेपद लढतीचा पहिला डाव २५ चालींत बरोबरीत सुटला. आठव्या चालीलाच वजिरावजिरी, काळ्याचा किल्लेकोटाचा हक्क गेलेला, सी पट्टीत दोन प्यादी एकामागे एक. तरी कास्पारोव्हला काहीच का मिळालं नाही? मी काळ्याकडून हेच खेळलो की हरतो.

उत्तर : काळ्याच्या या बचावाला बर्लिन म्हणतात. आधी चाली पाहा. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ घोडा एफ६ ४. किल्लेकोट घोडा×ई४ ५. डी४ घोडा डी६ ६. उंट×सी६ डी×सी६ ७. डी×ई५ घोडा एफ५ ८. वजीर×डी८ शह, राजा×डी८.

आता पटावर फक्त राजे आणि प्यादी ठेवून बघा. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार विरुद्ध तीन, तिथून एक प्यादं पुढे निघतंच. काळ्याचीही दुसऱ्या बाजूला चार विरुद्ध तीन आहेत, पण सी पट्टीतल्या जोडप्याद्यांमुळे पांढरा नीट खेळला तर त्यातून काही सुटत नाही. म्हणजे सरसकट मारामारी काळ्याच्या मुळावर येते. तुम्ही बहुधा तिथेच हरता: दोन्ही हत्ती डी पट्टीवर कापायची घाई नको, आणि दोन उंटांची जोडी फुकट सोडू नका.

क्रामनिकने ९. घोडा सी३ नंतर उंट डी७, एच६, राजा सी८, बी६ असं घर लावलं. एच६ मुळे जी५ वर ना उंट येतो, ना घोडा. पांढऱ्याचा बी२ वरचा उंट स्वतःच्याच ई५ प्याद्यामागे कोंडला. पांढऱ्याची ही मांडणी आम्हाला फारशी पटत नाही. मग काळ्याचा घोडा ई७ मार्गे जी६ वर आणि एच प्यादं थेट एच४ पर्यंत. खरी मेख या प्याद्यात आहे. पांढऱ्याचं एच३ आधीच झालेलं, त्यामुळे जी४ खेळलं की काळा एन पासां (दोन घरं पुढे आलेलं प्यादं, जणू एकच घर आल्यासारखं) मारतो आणि चार प्याद्यांची फळी फुटते. काळ्याचा हत्ती एच५ वरून ई५ वर डोळा ठेवून बसला, की पांढऱ्याला पुढे सरकायला जागाच उरत नाही.

प्रश्न : पांढऱ्याने हे टाळावं कसं?

उत्तर : ४. डी३ खेळा, वजीर पटावर राहतात. हमी मात्र नाही. चेन्नईत २०१३ साली आनंदने कार्लसनविरुद्ध चौथ्या डावात वजिरावजिरीचा बर्लिन ६४ चालींत बरोबरीत सोडवला, आणि सहाव्यात डी३ खेळून तो हरला.