तेलविहिरीतले केसिंग पाइप वेल्ड न करता आट्यांनी का जोडतात? त्यातून गॅस गळत नाही का?

खोदलेल्या विहिरीची भिंत धरून ठेवायला आत सोडतात तो पोलादी पाइप म्हणजे केसिंग. रिगवर (विहीर खोदायच्या मनोऱ्यावर) तो उतरवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून लिहितो.

आधी वेळेचा हिशेब बघा. ९ ५/८ इंची, फुटाला ४७ पौंडी पाइप २५०० मीटर सोडायचा तर १२ मीटरचे दोनशेवर नग लागतात. आट्यांचा जोड काही मिनिटांत बसतो. वेल्ड करायचा तर तापवा, भरा, निवू द्या, तपासा. तोवर खालच्या उघड्या विहिरीच्या भिंती ढासळून पाइपच अडकायचा. शिवाय पी-११० सारख्या पोलादाची ताकद कारखान्यात ताव-पाणी देऊन आणलेली असते, वेल्डच्या आचेने नेमकी तीच जाते. अगदी वरचा, सर्वांत रुंद पाइप, म्हणजे कंडक्टर, मात्र बऱ्याचदा वेल्डनेच जोडतात.

गळतीची तुमची शंका रास्त आहे. नुसते आटे गॅस अडवत नाहीत. गोल आट्यांच्या जोडात (इंचाला ८ आटे) माथा आणि खाच यांच्यात बारीक सापट राहते, ती डोप नावाच्या ग्रीसने भरायची. या आट्याच्या भार घेणाऱ्या बाजूला ३० अंशांचा उतार असतो, त्यामुळे फार ओढ बसली तर आटा घसरून जोड सुटू शकतो. आणि ओढ थोडीथोडकी नसते: वरच्या हिशेबातला पाइप हवेत तोलला तर पावणेदोनशे टन, सगळे सर्वांत वरच्या जोडावर. विहिरीत भरलेल्या खोदकामाच्या चिखलात बुडाल्यावर थोडे कमी. बट्रेस आट्यात (इंचाला ५) हाच उतार फक्त ३ अंशांचा, म्हणून तो ओढीला पक्का. पण सापट त्यातही आहेच. जास्त दाबाच्या गॅसविहिरीत डोपच्या भरवशावर राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे प्रीमियम जोडच हवा. त्यात आट्यांखेरीज धातूवर धातू दाबून बसणारी वेगळी सील असते, आणि टेकायला खांदा. खांदा टेकला की टॉर्कच्या (पिळायच्या जोराच्या) आलेखात रेघ एकदम उभी चढते. ती दिसल्याशिवाय जोड पास करायचा नाही.

जोड कोणताही असो, घात होतो तो घाईने. एका विहिरीवर रात्री बट्रेसचा एक नग लावत होतो. टॉर्क पुरेपूर आला, पण पाइपवर खुणेसाठी ठोकलेला त्रिकोण अजून पूर्ण उघडा होता. कपलिंगची (दोन नग जोडणाऱ्या, आतून आटे असलेल्या बाहीची) कड त्या त्रिकोणाच्या पायाशी यायला हवी. पोरं म्हणाली, "टॉर्क आलाय ना, सोडू खाली." मी उलटा फिरवायला लावला. आटे एकमेकांना खाऊन सोलले गेले होते. कुणीतरी प्रोटेक्टर (आट्यांवरची टोपी) आधीच काढून ठेवला होता, आट्यांत वाळू गेली, आणि तिच्यावरच डोप लावलं. कपलिंगचेही आटे गेले, त्यामुळे खालचा नगही वर ओढून दोन्ही बाजूला काढले.