सी ड्राइव्ह भरली? आधी मोजा, मग पुसा

घाबरू नका, सहज जमेल. एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघत बसू नका. नवीन माणूस तिथेच दमतो. विनडिरस्टॅट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते सगळ्यात मोठा फोल्डर वर आणून ठेवतं, शिवाय प्रत्येक फाइलचा रंगीत चौकोन दाखवतं. मोठ्या चौकोनावर क्लिक करा, फाइल कुठे आहे ते कळेल. माझ्या डाउनलोड्समध्ये एकाच लग्नाच्या व्हिडिओच्या तीन प्रती सापडल्या होत्या!

दोन चुका मात्र टाळा:

- विंडोज फोल्डरमधलं काहीही हाताने उडवू नका. त्यातला विनएसएक्सएस (WinSxS, विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा फोल्डर) दिसतो तेवढा मोठा नसतो, त्यातल्या बऱ्याच फाइली दोनदा मोजल्या जातात.
- डिलीट केल्यावर रीसायकल बिनही रिकामी करा.

अ‍ॅपडेटाचं, म्हणजे प्रोग्रॅम आपली माहिती ठेवतात त्या फोल्डरचं, नंतर बघू. आधी वरचे पाच फोल्डर कोणते निघाले, ते कळवा.