इंग्लंडमध्ये मुलासाठी प्रवेशाची फार कडक चाळणी नसलेली खासगी माध्यमिक शाळा कशी निवडावी?

निकालांच्या सरकारी तक्त्यावर जाऊ नका. बऱ्याच खासगी शाळा आयजीसीएसई (सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई या शालान्त परीक्षेची आंतरराष्ट्रीय आवृत्ती) घेतात. ती तिथे धरत नाहीत, त्यामुळे चांगली शाळाही तळाला दिसते. शाळेलाच विचारा: इयर सेव्हनला (अकराव्या वर्षी, माध्यमिकच्या पहिल्या वर्गात) आलेली मधल्या फळीतली मुलं जीसीएसईला कुठवर पोचली? उत्तरात फक्त ऑक्सफर्ड-केंब्रिजची नावं आली, तर काय ते समजा.

ओपन डेला (पालकांना शाळा दाखवायच्या दिवशी) सगळंच चकाचक असतं. साध्या मंगळवारी जा, गणिताच्या सर्वांत खालच्या सेटच्या (कुवतीनुसार केलेल्या गटाच्या) वर्गात दहा मिनिटं बसू द्या म्हणा. तिथे कायम शिक्षक आहे की दर टर्मला नवा, हे महत्त्वाचं.

आत शिरणं सोपं म्हणून टिकणंही सोपं, असं नाही. सिक्स्थ फॉर्मसाठी (जीसीएसईनंतरच्या दोन वर्षांसाठी) कोणत्या ग्रेड लागतात ते लेखी घ्या.

१ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट आहे. सांगितलेला आकडा व्हॅटसकट का, ते विचारा. बस, जेवण आणि लर्निंग सपोर्ट (अभ्यासातली जादा मदत) यांचे पैसे बहुधा वेगळे. शाळा सोडताना सहसा पूर्ण टर्मची नोटीस लागते, नाहीतर त्या टर्मची फी भरावी लागते.

शाळा धर्मादाय संस्था असेल तर चॅरिटी कमिशनच्या साइटवर हिशेब फुकट दिसतात. पटसंख्या सलग घसरत असेल तर जपून.