म्युनिकला निघण्याआधी: रात्री लिहिलेलं सॉफ्टवेअर कोणाचं?

तुझा प्रश्न असा: नोकरी इंदूरला, सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत. रात्री घरी बसून क्लॉथ मार्केटच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहिलंस, त्यातले रिपोर्ट मित्राने केले. आता म्युनिकची ऑफर आली आहे, तर हे सॉफ्टवेअर कोणाचं आणि तिथून विकता येईल का?

आधी कंपनीचं बघ. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो. नोकरीचं काम म्हणून जे लिहिलं, ते वेगळा करार नसेल तर कंपनीचं. तुझं काम त्यात बसत नाही, पण अपॉइंटमेंट लेटर काढून नीट वाच. नोकरीच्या काळात केलेलं सगळं कंपनीचं, अशा अर्थाचं कलम बऱ्याच जणांच्या लेटरमध्ये सापडतं. तसं असेल तर ‘लॅपटॉप माझा होता’ एवढ्यावर भागणार नाही, कंपनीकडून लेखी सोडवून घ्यावं लागेल. एचआरला विचारलं की साइड बिझनेस उघड होणार, ही तुझी भीती खरी आहे. म्हणून एचआरच्या आधी एमजी रोडला हायकोर्टाजवळ एखाद्या वकिलाला लेटर दाखव. त्याची फी द्यायला कुरकुर करू नकोस.

व्यापाऱ्यांचं प्रकरण मला जास्त नाजूक वाटतं. शेठजींचा हिशेब सरळ असतो: पैसे मोजले, माल माझा. सॉफ्टवेअरच्या बाबतीत कायदा असं म्हणत नाही. तू त्यांचा नोकर नाहीस, त्यामुळे तू सही करून लेखी दिल्याशिवाय मालकी त्यांच्याकडे जात नाही. पण तू पाठवलेल्या बिलाच्या फोटोत लिहिलंय ‘सॉफ्टवेअर विक्री, १ नग’. अरे, हे साडीच्या गठ्ठ्याचं बिल झालं! उद्या भांडण झालं तर समोरचा हाच कागद पुढे करेल. यापुढे ‘वापराचं लायसन्स, एका दुकानासाठी, सोर्स कोड (तू लिहिलेला मूळ प्रोग्राम) वगळून’ असं लिही, आणि जुन्या गिऱ्हाइकांकडून त्याच अर्थाच्या पानभर पत्रावर सह्या घे. कोणी खरंच मालकी मागितली तर भाव वेगळा लाव आणि मुदत व प्रदेश स्पष्ट लिही. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

मित्राने लिहिलेल्या भागाचे हक्क आज त्याचेच आहेत. मैत्री चांगली आहे तोवरच त्याच्याकडून लिहून घे आणि मोबदला दे.

फुकट मिळालेल्या लायब्रऱ्यांची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची, लायसन्सं एकदा तपास. एमआयटी नावाचं सैल लायसन्स असेल तर लायसन्सचा मजकूर आणि कॉपीराइटची ओळ सोबत ठेवली की झालं. जीपीएल हे कडक अटींचं लायसन्स असेल आणि प्रोग्राम गिऱ्हाइकाला देत असशील, तर सोर्स कोडही जीपीएलखालीच द्यावा लागतो. आपल्याकडे हे कोणी बघत नाही म्हणतात, पण तू जातोयस त्याच म्युनिकच्या कोर्टाने २००४ मध्ये जीपीएल बंधनकारक धरलं होतं. अशी लायब्ररी सापडली तर निघण्याआधीच बदलून टाक.

कॉपीराइटचं रजिस्ट्रेशन केलं नाहीस तरी हक्क जात नाही. भारत आणि जर्मनी दोघंही बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत. तरी मी असतो तर करून ठेवलं असतं, पुरावा म्हणून बरं पडतं.

आता मी राहतो तिथलं, म्हणजे जर्मनीचं. जर्मनीतही कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचे आर्थिक हक्क कंपनीकडे जातात. तुझा जुना कोड त्यात येत नाही, पण इथे आल्यावर त्यात नवी भर घालत राहिलास आणि ती ऑफिसच्या कामाशी मिळतीजुळती निघाली, की वाद सुरू. जोडधंद्याबद्दल करारात काय आहे ते बघ, बहुतेक वेळा कंपनीला कळवावं लागतं. ब्लू कार्ड, म्हणजे तुला इथे राहायला मिळणारा परवाना, नोकरीसाठी असतो. स्वतःचा धंदा करायचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी घे, ती मिळेपर्यंत नवीन लायसन्स विकू नकोस. इथे राहायला लागलास की इंदूरहून येणारा पैसाही इथल्या टॅक्समध्ये दाखवावा लागतो, आणि तिकडचं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्यावं लागतं.

मी इथे सही करण्याआधी आधीच्या कामांची यादी कराराला जोडायला लावली होती: प्रोग्रामचं नाव, तो काय करतो, कधीपासून चालू आहे. कोणी हरकत घेतली नाही. तूही ऑफरला हो म्हणण्याआधीच ती पाठव, सही झाल्यावर एचआर अशा मेलला सवडीने उत्तर देतं.