लिथियम संपायची भीती सोडा, अडचण दुसरीकडेच आहे

दहा वर्षांत लिथियम संपलं तर इलेक्ट्रिक स्कूटरचं काय आणि जम्मूत सापडलंय ते कधी मिळणार, असं विचारलंय तुम्ही. जमिनीतलं लिथियम इतक्यात संपत नाही हो. तीन युनिटच्या स्कूटर बॅटरीत ते असतं ३०० ग्रॅमच्या आसपास. २०२२ च्या अखेरीस लिथियम कार्बोनेट, म्हणजे बॅटरीसाठी लिथियम ज्या रूपात विकलं जातं ते, टनाला ८० हजार डॉलरच्या घरात गेलं होतं, वर्षभरात भाव पार कोसळला, कारण नवीन खाणींचा माल आला आणि मागणी अंदाजापेक्षा कमी वाढली.

खरी मेख शुद्धीकरणात आहे. सगळ्यात जास्त लिथियम ऑस्ट्रेलियातून निघतं, तिथल्या ग्रीनबुशेसच्या खाणीत स्पोड्युमीन नावाचा दगड मिळतो, तो दळायचा, हजार अंशांच्या वर भट्टीत भाजायचा, सल्फ्युरिक ॲसिड घालून परत तापवायचा, मग पाण्यात उतरवून त्यातलं लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम एकेक करून काढत बसायचं, तेव्हा कुठे बॅटरीला चालेल अशी पांढरी पावडर हाती लागते, आणि हे काम बहुतेक सगळं चीनमध्ये होतं. चिलीत अटाकामाच्या वाळवंटात लिथियम असलेलं खारं पाणी हौदांत वर्ष-दीड वर्ष आटवतात, आपल्या मिठागरासारखं, तिथे घाई करून चालतच नाही. बॅटरीच्या ऋण टोकाला लागणाऱ्या ग्रॅफाइटचं तर आणखी अवघड, ते ९० टक्क्यांच्या वर चीनमध्ये तयार होतं आणि डिसेंबर २०२३ पासून ते बाहेर पाठवायला तिथे परवाना लागतो. याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तेवढी होतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

काही प्रकारच्या बॅटऱ्यांत लागणारं कोबाल्ट ७० टक्क्यांच्या आसपास काँगोतून येतं, तिथे हाताने खोदणाऱ्यांचे, त्यात लहान मुलांचेही, फार हाल आहेत. म्हणून मी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, बॅटरी घ्या म्हणतो, तिच्यात कोबाल्टही नाही, निकेलही नाही. सेल मात्र बहुतेक चीनचेच असतात.

राहिलं जम्मूतलं लिथियम. तिथल्या रियासीच्या साठ्याचा ५९ लाख टनांचा आकडा फेब्रुवारी २०२३ चा, तो प्राथमिक अंदाज आहे आणि तेवढं शुद्ध लिथियम असा त्याचा अर्थ नाही. तिथल्या खाणपट्ट्याच्या लिलावाला पुरेशा बोली आल्या नाहीत म्हणून तो रद्द करावा लागला. त्याच्या भरवशावर आज काही ठरवू नका.

आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला अजिबात देऊ नका. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा डीलरकडे द्या आणि पावती मागून घ्या.