डेकेअरमध्ये तोंडच उघडत नाही, मग घरी मराठी बंद करू का?

हा प्रश्न मला सतत येतो, कधी मराठीत, कधी पंजाबीत, तर कधी मधे दुभाषी बसवून अरबीत. मी टोरांटोजवळ मिसिसागाला नव्याने कॅनडात आलेल्या कुटुंबांसोबत काम करते, त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

नोव्हेंबरात नाशिकचं एक जोडपं आलं. पीआरवर, म्हणजे कॅनडात कायम राहायच्या परवान्यावर, येऊन चारच महिने झालेले, मुलगा साडेतीन वर्षांचा, आपण छोटू म्हणू. आई सरकारी खर्चाने चालणाऱ्या लिंकच्या इंग्रजी क्लासला जायची आणि तेवढा वेळ छोटूला तिथल्याच डेकेअरमध्ये सांभाळायचे. आई म्हणाली, "ताई, दोन महिने झाले हो, एक शब्द नाही. जॅकेटसुद्धा काढू देत नाही, आत हीटिंग चालू, हा घामाघूम, पण चेन गळ्यापर्यंत लावलेली." कुणीतरी सल्ला दिला की घरी इंग्लिशच बोला, पटकन पिकअप करेल, म्हणून दोघांनी घरात मराठी बंद करून टाकली होती आणि वरून दिवसभर यूट्यूबवर इंग्लिश राइम्स.

मी म्हटलं, आधी मला हा नाशिकला कसा बोलायचा ते दाखवा. आईने फोनमधला व्हिडिओ लावला. पोरगं ओट्याजवळ उभं राहून आजीवर ओरडतंय, "आजी तीन झाल्या, गॅस बंद कर, नाहीतर करपेल ना!" आता शिट्ट्या मोजल्या, काय करायचं ते सांगितलं, नाही केलं तर काय होईल तेपण सांगितलं, साडेतीन वर्षांच्या मुलाकडून अजून काय पाहिजे? तरी कान तपासून घ्या म्हटलं, कारण या वयात सर्दीनंतर कानात पाणी साठून कमी ऐकू येणं कॉमन आहे. रिपोर्ट नॉर्मल आला.

मग त्यांच्या घरी गेले. चहा घेत वीसेक मिनिटं नुसतं ऐकत बसले. कम हिअर. सिट. ईट फास्ट. नो टच. गुड बॉय. बस, एवढंच! बाबा ऑफिसात दणकून इंग्रजी बोलतात, पण पोराचे लाड करायचं, त्याला चिडवायचं, रुसला तर मनवायचं इंग्रजी दोघांकडेही नव्हतं. मराठी गेली तशी त्या घरातून गोष्ट गेली आणि "का रे?" पण गेलं. खरं सांगते, डेकेअरमधल्या गप्प बसण्यापेक्षा मला ह्याची जास्त काळजी वाटली.

डेकेअरमध्ये गप्प बसणं तसं नेहमीचंच आहे. नव्या भाषेत टाकलेली बरीच मुलं आधी काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकतात, बघतात, खुणा करतात. आणि जे मराठीत कळलंय ते वाया जात नाही, करपणं म्हणजे काय हे डोक्यात पक्कं असलं की त्याला फक्त नवा शब्द लावायचा उरतो.

तर मराठी परत सुरू केली. रोज सकाळी साडेआठला आजीला व्हिडिओ कॉल, तेव्हा नाशिकला संध्याकाळचे सात, देवापाशी दिवा लावायची वेळ, छोटू इथे टोस्ट खात तिकडे शुभंकरोती म्हणायला लागला. डेकेअरच्या टीचरला आम्ही रोमन अक्षरांत एक चिठ्ठी दिली: पाणी, शू, दुखतंय, आई येणार. जॅकेटच्या मागे लागू नका एवढंच सांगितलं, कारण जॅकेट अंगावर आहे म्हणजे घरी जायचंय, हा त्याचा हिशोब होता बहुतेक. आणि जवळच्या अर्लीऑन सेंटरला आठवड्यातून दोनदा जायला सांगितलं, ऑन्टारियोत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते फुकट असतं आणि पालक सोबतच थांबतात.

सगळ्यांचं गप्प बसणं सारखं नसतं हेही सांगते. मागे सीरियाहून आलेली एक चार वर्षांची मुलगी होती, फायर ड्रिलचा अलार्म वाजला की टेबलाखाली, बाहेर यायलाच तयार नाही. तिथे भाषेचा प्रश्न नंतरचा, आधी भीती. ड्रिल कधी आहे ते आईला आधी कळवणं आणि त्या दिवशी ओळखीच्याच टीचरने तिचा हात धरणं, सुरुवात तिथून केली.

आणि काही गोष्टींत मात्र वाट बघत बसू नका. मूल स्वतःच्या भाषेतही बोलत नसेल, येत असलेले शब्द हरवत असतील, नावाला ओ देत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर लगेच तपासणी. दोन वर्षांच्या आसपास साधारण 50 शब्द धरतात, पण ते सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे, नुसते इंग्लिश नाही. ऑन्टारियोत शाळेआधीच्या मुलांची स्पीच तपासणी फुकट होते, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पालक स्वतः फोन करू शकतात.

छोटूचं म्हणाल तर फेब्रुवारीत आईचा फोन आला, हसत होती. ट्रकवरून भांडण झालं आणि हा पहिल्यांदा ओरडला, तेही "माझंय!" आता टीचर विचारतायत याचा अर्थ काय, कारण वर्गातली अजून दोन पोरं तेच ओरडायला लागलीत. जॅकेट अजून अंगावरच आहे, पण चेन उघडी असते म्हणे.