तारण : बँकेतलं आणि बायबलमधलं

प्रश्न बँकेत सोनेतारण कर्जाचं काम पाहणाऱ्या एका ताईंचा आहे. मैत्रिणीला ख्रिस्ताची सुवार्ता सांगताना त्या म्हणाल्या, “कृपेनं तारण होतं,” म्हणजे देव माणसाला पापातून वाचवतो. मैत्रिणीनं विचारलं, “पण तारण काय ठेवायचं?” तर ‘तारण’ सोडून ‘मोक्ष’ म्हणावं का? आणि ‘सुवार्ता शेअर करणं’ याला मराठी काय?

तारण मुळीच सोडू नका. सोडायची आहेत ती त्याच्या गळ्यात अडकवलेली क्रियापदं. ‘तारण मिळवा’, ‘तारण कमवा’ हे पत्रकांवर वाचून आणि माइकवरून ऐकून कान किटले. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (२:८) ‘तारण झालेले आहे’ असं आहे. तारण होतं. ते कमवायला पगार आहे का? यावर कोणीतरी फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘आपले तारण साधून घ्या’ (२:१२) पुढे करतंच. त्यांनी लगेच खालचं वचनही वाचावं. तिथे ‘साधून देणारा’ देव आहे.

आता धातू पाहा, कारण सगळं तिथेच आहे. संस्कृत ‘तॄ’ म्हणजे पार जाणं. त्याचं मराठीत ‘तरणे’, आणि प्रयोजक ‘तारणे’. तरतो तो स्वतः हातपाय मारून. तारला जातो त्याला दुसऱ्यानं पार नेलेलं असतं. ही पत्रं ज्याची, त्या प्रेषित पौलानं पत्रांमागून पत्रं लिहून जे सांगितलं, ते मराठीनं एका कान्यात ठेवलं आहे! कोकणात खाडी ओलांडायच्या होडीला ‘तर’ म्हणतात. लहानपणी मी तरीत बसलो की दोन्ही हातांनी काठ घट्ट धरायचो, जणू माझ्या धरण्यानंच ती तरंगत होती. वल्हं मात्र तरवाल्याच्या हातात.

याच धातूचं ‘तारू’. मराठी बायबलमध्ये नोहा गोफेर लाकडाचं ‘तारू’ बांधतो. ते जलप्रलयाच्या पाण्यावर टिकलं आणि आठ माणसं वाचली. त्यात शिरल्यावर दार नोहानं लावलं नाही, परमेश्वरानं लावलं (उत्पत्ती ७:१६). पुढे पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:२०-२१) हेच तारू तारणाचा दाखला म्हणून येतं. ग्रीक मूळ शब्दांत ‘तारू’ आणि ‘तारण’ यांचं असं नातं नाही. ते मराठीत आहे, आणि मला ते प्रत्येक वेळी नव्यानं सुखावतं.

मग गहाणाचं तारण? काही व्यासंगी त्याला निराळा शब्द समजतात. मला ते साफ अमान्य आहे. ऋणको बुडाला तरी सावकाराचा पैसा पार नेणारी वस्तू ती तारण, असं माझं मत. धातू तोच, फक्त होडीत पैसा बसला आहे.

‘मोक्ष’वाले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचा दाखला देतात: त्यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी काव्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ चालला, तर मोक्ष का नको? वैकुंठ हे ठिकाण आहे. मोक्ष म्हणताच जन्ममरणाचा फेरा आणि त्यातून सुटायची साधना डोळ्यांपुढे येते. पौल पापक्षमेबद्दल बोलतो आहे. सुटकेवरच भर द्यायचा तर ‘मुक्ती’ आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या संस्थेला तेच नाव दिलं.

आणि बाजारच्या शब्दाला बिचकायचं कशाला? इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात ‘खंडणी भरून’ मिळालेली मुक्ती आहे (इथली खंडणी गुंडाची नव्हे, बंदिवानाला सोडवायला भरलेलं मोल). तिथेच पवित्र आत्म्याला ‘विसार’ म्हटलं आहे, घरजागेच्या सौद्यात पावती करून देतो तोच विसार. मूळ ग्रीक शब्द ‘अर्राबोन’ हिब्रूसारख्या सेमिटिक भाषांतून व्यापाराबरोबर आलेला. उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात यहूदा आपली मुद्रा, गोफ आणि काठी गहाण ठेवतो, तिथे हिब्रूत त्याचाच भाऊबंद आहे. आजच्या ग्रीकमध्ये ‘अर्रावोनास’ म्हणजे साखरपुडा!

तेव्हा ताई, मैत्रिणीचा प्रश्न उत्तम आहे. तिला सांगा, इथे आपण काहीच ठेवायचं नाही. ज्यानं ठेवलं त्यानं स्वतःचा जीव ठेवला. आणि हे ‘शेअर’ करू नका, ‘वाटू’ तर नकाच; वाटलं की वाटे पडतात. सुवार्ता ही वार्ता आहे. ती सांगतात.